मांजराचा नकार ओळखायला मुलांना शिकवताना

बेंगळुरू : कुत्र्याला दिवसातून दोनदा फिरवून आणणे ज्यांना जमत नाही, अशी बेंगळुरूच्या गृहसंकुलांतील अनेक कुटुंबे मांजराकडे वळतात. घरात चार-पाच वर्षांचे मूल असेल, तर अडचण सुरू होते ती पहिल्या मिठीपासून. मुलाच्या दृष्टीने मिठी म्हणजे माया. मांजराच्या दृष्टीने ती पकड असते. मांजर शिकारी असले तरी मोठ्या प्राण्यांचे भक्ष्यही असते. चारही बाजूंनी आवळले गेल्यावर सुटण्यासाठी धडपडणे, हा त्याचा उपजत स्वभाव आहे. नख्या बाहेर येतात त्या रागापेक्षा भीतीने.

मांजर ‘अचानक’ बोचकारते, हा समजही फारसा खरा नाही. त्याआधी ते इशारे देत असते. शेपटीचे टोक झटके देऊ लागते, कान बाजूला वळतात किंवा डोक्याला चिकटतात, पाठीवरची कातडी थरथरते, बाहुल्या मोठ्या होतात. शेजारच्या कुत्र्याची हलणारी शेपूट पाहून ‘तो खूश आहे’ असे शिकलेले मूल येथे हमखास फसते. मांजराची उभी, ताठ शेपूट स्वागताची असते. फटके मारणारी शेपूट ‘आता पुरे’ असे सांगते. उताणे होऊन पोट दाखवणे हे विश्वासाचे लक्षण असले, तरी पोटाला हात लावण्याचे ते निमंत्रण नसते. घुरघुर बहुधा समाधानाची असते. मात्र वेदनेत असलेले मांजरही घुरघुरते.

इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, माणसाने डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडझाप केली असता मांजरे तशीच प्रतिक्रिया देतात आणि त्या माणसाजवळ येण्याची शक्यता वाढते, असे आढळले. लहान मुलांना हा खेळ फार आवडतो आणि त्यात मांजराला हात लावावा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण.

हात लावण्याची रीतही शिकवता येते. मुलाने जमिनीवर बसावे, हात पुढे करून थांबावे आणि मांजराला हुंगू द्यावे. मग गालावर किंवा हनुवटीखाली तीन अंक मोजेपर्यंत कुरवाळून हात उचलावा. मांजर पुन्हा डोके घासू लागले, तर होकार. उठून गेले, तर नकार. मांजर खात असताना, झोपले असताना किंवा शौचाच्या ट्रेमध्ये असताना त्याच्या वाटेला जाऊ नये. कपाटाच्या माथ्यासारखी, मुलाचा हात पोहोचणार नाही अशी एक जागा त्याच्या हक्काची असावी. इतके करूनही लहान मूल आणि मांजर यांना खोलीत एकटे ठेवू नये.

पिल्लू आणायचे असल्यास त्याचे वय महत्त्वाचे ठरते. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्या पिल्लांना माणसांच्या स्पर्शाची सवय होते, ती पुढे मुलांत सहज रमतात. मात्र आठ आठवड्यांपूर्वी त्यांना आईपासून तोडू नये. वाहनतळात एकटे दिसलेले पिल्लू मुले लगेच उचलून आणतात. अनेकदा त्याची आई अन्नाच्या शोधात गेलेली असते, म्हणून काही तास दुरून पाहणे बरे.

आहाराच्या बाबतीत मोठ्यांनाच नव्याने शिकावे लागते. डोळे मिटून दूध पिणारे मांजर म्हणीत शोभते. प्रत्यक्षात बहुतेक प्रौढ मांजरांना दूध पचत नाही. मांजर पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हा घटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही आणि तो आहारातून न मिळाल्यास दृष्टी व हृदय यांवर परिणाम होतो. दहीभातावर त्याचे भागत नाही. शाकाहारी घरांनी हा विचार मांजर आणण्यापूर्वीच करावा. मुलाच्या तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला प्राणघातक ठरते. फुलदाणीतील लिलीही त्याच्यासाठी विषारी आहे.

सर्वांत गंभीर मुद्दा रेबीजचा. भारतात हा रोग प्रामुख्याने कुत्र्यांमुळे पसरत असला, तरी मांजरापासूनही होऊ शकतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. कर्नाटकाने २०२२ मध्ये मानवी रेबीजची नोंद शासनाला कळवणे बंधनकारक केले. धोका वाढतो तो मुलांच्या गप्प राहण्याने. ‘तूच खोडी काढली असशील’ असे ऐकण्याच्या किंवा मांजर घरातून जाईल या भीतीने मूल ओरखडा लपवते. त्यामुळे ‘बोचकारले तर लगेच सांग, कोणी रागावणार नाही’ हे मांजर घरात येण्याच्या दिवशीच सांगायला हवे.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना किंवा तिखट लावू नये. रक्त न आलेल्या किरकोळ ओरखड्यासाठीही डॉक्टरांकडे जावे, कारण अशा ओरखड्यावरही लस दिली जाते. रक्त आले असल्यास लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचीही गरज असते. मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते, परंतु ते दिवस संपण्याची वाट पाहत मुलाची लस लांबवू नये. घरच्या मांजरालाही वयाच्या तिसऱ्या महिन्यापासून पशुवैद्यांच्या सल्ल्याने रेबीजची लस द्यावी आणि लसीकरणाचे कार्ड मुलाच्या कागदपत्रांसोबतच ठेवावे, म्हणजे दवाखान्यात जाताना शोधाशोध होत नाही.