लहान धंद्याची उभारणी : आधी गिऱ्हाईक, मग हिशेब, शेवटी कर्ज

शिक्षणाच्या बळावर आपल्या समाजातील दोन पिढ्या नोकरीत स्थिरावल्या. त्या नोकऱ्यांनी घरे उभी केली, मुलांना शिकविले. परंतु आता सरकारी जागा पूर्वीप्रमाणे निघत नाहीत, आणि निघाल्या तरी एका जागेसाठी हजारो अर्ज येतात. अशा वेळी पदवीधर तरुणाने किंवा घर सांभाळून चार पैसे मिळवू इच्छिणाऱ्या भगिनीने स्वतःच्या धंद्याचा विचार करावा, हे योग्यच आहे. मात्र संस्थेकडे सल्ल्यासाठी येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : "सध्या कोणती योजना चालू आहे? अनुदान किती?" धंदा कोणता, हे पुढे ठरवायचे असते.

आमच्या मते अनेक धंद्यांच्या अपयशाचे मूळ या उलट्या क्रमात आहे. कर्ज हे धंद्याचे शेवटचे पाऊल आहे, पहिले नव्हे. गिऱ्हाईक कोण हे आधी शोधावे, नंतर वहीत हिशेब मांडावा, त्यानंतर परवाने आणि कागदपत्रे जमवावीत आणि सर्वांत शेवटी बँकेची पायरी चढावी. हा क्रम समजावून सांगणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गिऱ्हाईक किती महत्त्वाचे, याचे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातच आहे. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून ते मुंबईस परतले. उपजीविकेसाठी त्यांनी शिकवण्या केल्या, आणि शेअर बाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देणारी कचेरीही काढली. अर्थशास्त्राचे त्यांच्याएवढे ज्ञान त्या बाजारात कोणाकडे होते? तरी सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि कचेरी बंद करावी लागली. ज्ञान होते, कष्टाची तयारी होती. समाजाने गिऱ्हाईक मिळू दिले नाही. आज कायदा आपल्या बाजूने आहे, बाजारही पुष्कळ बदलला आहे. म्हणूनच ज्या संधीपासून बाबासाहेबांना दूर ठेवले गेले, ती संधी अपुऱ्या तयारीमुळे आपण वाया घालवू नये.

गिऱ्हाईक कोण?

समजण्यास सोपे म्हणून मसाला कांडपाचा धंदा उदाहरणादाखल घेऊ. तालुक्याच्या गावी एखादा तरुण कांडप यंत्र बसवू पाहतो. त्याने प्रथम हे ठरवावे की, लोकांनी आणलेली मिरची आणि मसाला कांडून द्यायचा, की स्वतः मिरची, धणे, खोबरे विकत घेऊन तयार मसाला विकायचा? वरून एकच वाटणारे हे दोन वेगळे धंदे आहेत. पहिल्यात भांडवल यंत्रापुरते लागते, पण गिऱ्हाईक चार गल्ल्यांच्या आतलेच असते. दुसऱ्यात गिऱ्हाईक दूरचेही मिळते, परंतु फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये नवी मिरची बाजारात येते तेव्हाच वर्षाचा माल भरून ठेवावा लागतो, आणि तो पैसा महिनोन् महिने पोत्यांत अडकून पडतो.

यंत्र पाहायला जाण्याआधी पंधरा दिवस पायपीट करावी. गावात कांडप यंत्रे किती आहेत? दर किलोला भाव काय? उन्हाळ्यात रांग किती लागते, आणि श्रावणात यंत्र किती तास बंद असते? बायका कोणती मिरची आणतात, ब्याडगी, संकेश्वरी की लवंगी? आताच्या कांडपवाल्याविषयी त्यांची तक्रार काय आहे, बारीक कांडत नाही की वजनात मारतो? निदान पन्नास घरी विचारावे आणि उत्तरे वहीत लिहावीत. आपण काय वेगळे आणि चांगले देणार, ते या वहीतूनच कळते.

वहीतला हिशेब

आता हिशेब मांडू. पुढील आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे खरे आकडे घालावेत.

समजा, कांडणावळ किलोला ४० रुपये आहे. त्यात वीज आणि यंत्राची झीज मिळून ५ रुपये जातात. हाती ३५ रुपये राहतात. महिन्याचा ठरलेला खर्च असा : जागेचे भाडे ६,०००, मदतनिसाचा पगार ९,०००, बँकेचा हप्ता ५,०००, किरकोळ दुरुस्ती १,०००, एकूण २१,००० रुपये. यात स्वतःचा पगार १४,००० रुपये धरलाच पाहिजे. अनेकजण तो धरीत नाहीत आणि घरखर्च गल्ल्यातून काढतात. एकूण झाले ३५,००० रुपये. म्हणजे महिन्याला १,००० किलो, पंचवीस दिवस धरले तर रोज ४० किलो माल कांडला गेला पाहिजे. एवढा माल आला तर ना नफा ना तोटा.

परंतु कांडपाचा धंदा बाराही महिने सारखा चालत नाही. समजा, मार्च ते मे रोज १०० किलो माल आला आणि उरलेले नऊ महिने रोज १० किलो. उन्हाळ्याच्या प्रत्येक महिन्यात २,५०० किलोचे ८७,५०० रुपये मिळतील. खर्च जाऊन ५२,५०० उरतील. तीन महिन्यांचे १,५७,५०० रुपये पाहून कोणालाही वाटेल की धंदा उत्तम चालला आहे. पण पुढे महिन्याला २५० किलोचे फक्त ८,७५० रुपये येतात, तेव्हा दरमहा २६,२५० रुपयांची तूट पडते. नऊ महिन्यांची तूट २,३६,२५० रुपये. वर्षअखेर ७८,७५० रुपये अंगावर येतात.

धंदा करू नये, असा याचा अर्थ नाही. नऊ महिन्यांचे काम आधी शोधावे, असा आहे. कांडपाच्या शेजारी पिठाची चक्की बसवावी, खानावळींना वर्षभर मसाला पुरवावा, किंवा मालकानेच यंत्र चालवून मदतनीस फक्त उन्हाळ्यापुरता ठेवावा. शिवाय उन्हाळ्यातली शिल्लक खर्च न करता पावसाळ्यातील हप्त्यांसाठी बाजूला ठेवावी. बँकेचा हप्ता ऋतू पाहत नाही. हा हिशेब आधी कागदावर चुकला तर एक कागद फुकट जातो. यंत्र आणल्यावर चुकला तर घर कर्जात जाते.

परवाने आणि नोंदणी

परवान्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. लहान धंद्याला लागणारे कागद मोजके आहेत आणि बहुतेक अर्ज संगणकावरून करता येतात.

१) उद्यम नोंदणी : १ जुलै २०२० पासून ही सुरू झाली. आधार आणि पॅनच्या आधारे होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नव्हेत. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असणारा उद्योग 'सूक्ष्म' धरला जातो, म्हणजे आपले धंदे त्यातच येतात. नोंदणीत सामाजिक प्रवर्गाचा रकाना अचूक भरावा. केंद्र सरकारची खाती आणि कंपन्या यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, असे २०१२ चे खरेदी धोरण सांगते. रकाना रिकामा राहिला तर हा हक्क कागदावर सिद्ध होत नाही.

२) दुकाने व आस्थापना : ज्याला आपण गुमास्ता म्हणतो तो. २०१७ च्या नव्या कायद्याप्रमाणे मोजकेच कामगार असणाऱ्या धंद्याला नोंदणी प्रमाणपत्र लागत नाही. धंदा सुरू केल्याची सूचना संगणकावरून दिली की तिची पोच मिळते. बँक ती पोच मागते.

३) अन्नसुरक्षा : खाण्याचा कोणताही पदार्थ बनविणाऱ्याला, कांडणाऱ्याला वा विकणाऱ्याला २००६ च्या कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो. लहान उलाढालीला नोंदणी पुरते, मोठीला परवाना. चौदा आकडी क्रमांक मिळतो, तो पाकिटावर छापावा.

४) वजनकाटा : काटा वैध मापन शास्त्र कार्यालयाकडून तपासून मुद्रांकित करून घ्यावा व मुदत संपण्यापूर्वी पुन्हा तपासावा. मसाला पाकिटात भरून विकायचा तर निव्वळ वजन, किंमत, तारीख, नाव-पत्ता छापणे बंधनकारक आहे.

५) वस्तू व सेवा कर : १ जुलै २०१७ पासून लागू. महाराष्ट्रात वार्षिक उलाढाल केवळ मालाची असेल तर ४० लाख आणि सेवेची असेल तर २० लाख रुपये ओलांडेपर्यंत साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. मात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा झाला तर नियम वेगळे आहेत, करसल्लागारास विचारावे. व्यवसाय कराचीही चौकशी त्याच वेळी करून घ्यावी.

६) जागा आणि वीज : ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेची परवानगी आणि महावितरणची योग्य भाराची जोडणी घ्यावी. कांडपाचा आवाज आणि मिरचीचा खकाणा शेजाऱ्यांना त्रास देतो. म्हणून जागा निवडतानाच शेजाऱ्यांशी बोलावे. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते किंवा नाही, हे जिल्हा उद्योग केंद्रात विचारावे.

भांडवल कोठून?

गिऱ्हाईक सापडले, हिशेब जुळला, कागद तयार झाले. आता बँकेचा विचार करण्यास हरकत नाही.

मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली. तिच्यात शिशु (५० हजारांपर्यंत), किशोर (५ लाखांपर्यंत) आणि तरुण (१० लाखांपर्यंत) असे गट आहेत. या कर्जाला तारण लागत नाही. परंतु तारण नाही म्हणजे परतफेड नाही असे नव्हे. हप्ते थकले की पतनोंद बिघडते, आणि उद्या मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागताना तीच नोंद आडवी येते.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ साली सुरू झाला. नवे उद्योग उभे करणे हा त्याचा मुख्य हेतू. अनुसूचित जाती, महिला इत्यादींसाठी स्वतःचा वाटा ५ टक्के आणि अनुदान शहरात २५, ग्रामीण भागात ३५ टक्के असे त्याचे प्रमाण ठेवण्यात आले. समजा, ग्रामीण भागातील प्रकल्प ३ लाखांचा आहे. स्वतःचे १५,००० रुपये, बँकेचे कर्ज २,८५,००० रुपये आणि अनुदान १,०५,००० रुपये. येथे मोठा गैरसमज आहे. हे अनुदान हातात रोख मिळत नाही. ते तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते, आणि धंदा खरोखर चालू आहे अशी तपासणी झाल्यावर कर्जात वळते होते. जो केवळ अनुदानासाठी धंदा दाखवितो, त्याच्या हाती शेवटी थकलेले कर्जच उरते.

महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी काम करीत आहे. त्याच्या बीजभांडवल योजनेत अर्जदाराचा वाटा ५ टक्के, महामंडळाचा २० टक्के आणि बँकेचा ७५ टक्के असतो. महामंडळाच्या रकमेवर ४ टक्के व्याज असते. परतफेड दोन्हीकडे करावयाची असते, हे विसरू नये. मर्यादा व अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून कोणत्याही योजनेचा अर्ज भरण्यापूर्वी जिल्हा कार्यालयात चालू नियम विचारून घ्यावेत.

जातीचा दाखला सर्वांत आधी काढावा, कारण त्याला वेळ लागतो. १९९० च्या दुरुस्ती कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही लागू झाल्या. त्यामुळे धर्म बौद्ध लिहिला म्हणून केंद्राच्या योजनेतून नाव वगळले जाईल, अशी भीती बाळगू नये. कोणी तसे सांगितल्यास लेखी मागावे.

बँकेत जाताना

प्रकल्प अहवाल दलालाकडून छापील आणू नये. आपली वही हाच खरा अहवाल आहे. तिच्यावरून सनदी लेखापालाकडून तो नीट मांडून घ्यावा. साहेबांनी विचारले, "पावसाळ्यात काय करणार?" तर उत्तर तोंडपाठ नव्हे, हिशेबाने पाठ असले पाहिजे. आधार, पॅन, दाखले, जागेचा करार, यंत्राचे दरपत्रक आणि पासबुक यांच्या दोन प्रती ठेवाव्यात. अर्जाची पोच घ्यावी. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागावे, जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकास भेटावे. सेवेत त्रुटी असेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही तक्रार करता येते. "टक्केवारी द्या, काम करून देतो" म्हणणाऱ्यास दारातूनच परत पाठवावे.

गल्ला आणि घर

धंदा सुरू झाल्यावर पहिला नियम हा की, गल्ल्यातला पैसा आपला नाही, धंद्याचा आहे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे : एक भाग उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायासाठी आणि एक भाग अडचणीच्या काळासाठी. आपल्या कांडपवाल्याचा पावसाळा म्हणजे हाच अडचणीचा काळ होय. त्यासाठी धंद्याचे खाते वेगळे उघडावे, रोजची जमा-खर्चाची वही रोजच लिहावी, उधारीला मर्यादा घालावी. आणि तिखटात रंग किंवा भेसळ कधीही करू नये. तो कायद्याने गुन्हा आहेच, पण एकदा गेलेला विश्वास कोणतेही महामंडळ परत देऊ शकत नाही.

विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगणे आहे की, धंदा शिकण्यासाठी भांडवल लागत नाही. सुटीत दोन महिने एखाद्या गिरणीत, दुकानात, कारखान्यात काम करा, भाव आणि माणसे ओळखा. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राच्या प्रशिक्षण वर्गांची माहिती घ्या. आणि आपल्यापैकी ज्या सभासदांचे धंदे आज चालू आहेत, त्यांनी अशा एका तरी तरुणाला आपल्याजवळ बसवून वही लिहायला शिकवावे. आपल्या वस्तीतील नव्या दुकानातून आपण माल घ्यावा, तो रोखीने घ्यावा, आणि माल वाईट असेल तर तसे तोंडावर सांगावे. नव्या धंदेवाल्याला समाजाकडून याहून मोठे अनुदान मिळू शकत नाही.