कुंडीतल्या गोकर्णीचा ताळेबंद

अहिल्यानगर, म्हणजेच पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, बराचसा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पश्चिमेला अकोले तालुक्याच्या डोंगरांवर धो धो पाऊस कोसळतो. पण पूर्वेकडे जावे तसा तो झपाट्याने कमी होतो. जिल्ह्याच्या पुष्कळ भागात वर्षाकाठी ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. अशा गावी अंगणातल्या कुंडीत फुलांचा वेल लावायचा म्हटले, की वडीलधारी माणसे विचारतात, "उन्हाळ्यात त्याला पाणी कुठले घालणार?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपण गणिताने शोधू.

याच जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव पाण्याच्या ताळेबंदासाठी प्रसिद्ध आहे. पाऊस किती पडला ते मोजायचे आणि त्यावरून कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचे, अशी तेथील रीत. तोच हिशेब आपण एका कुंडीला लावून पाहू.

आधी जमेची बाजू. कुंडीच्या तोंडाचा व्यास ३० सें.मी. असेल, तर क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौ. सें.मी. होते. ५५० मि.मी. पाऊस म्हणजे वर्षभरात सुमारे ३९ लिटर पाणी. समजा, उन्हाळ्यात वेलाला रोज एक लिटर पाणी लागले, तर वर्षाची जमा ३९ दिवसांत संपेल! शिवाय पावसाळ्यातले जादा पाणी तळाच्या भोकातून निघून जाते. शेतातल्या वेलाची मुळे ओल शोधत खोल जातात. कुंडीत त्यांना तळ आडवा येतो. म्हणजे खर्चच आटोक्यात ठेवायला हवा.

पहिली गोष्ट मातीची. शेतातली नुसती काळी माती कुंडीत भरू नये. ओली असताना ती फुगते, तिच्यातील पोकळ्या बुजतात आणि मुळांना हवा मिळत नाही. वाळली की ती आकसते, कडेला फट पडते आणि घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली जाते. मधला गोळा कोरडाच राहतो. म्हणून काळी माती, वाळू आणि कुजलेले शेणखत समभाग मिसळावे. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवावा.

दुसरी गोष्ट आच्छादनाची. उसाचे पाचट या जिल्ह्यात सहज मिळते. त्याचा चार बोटे जाड थर मातीवर पसरला, की ऊन व वारा मातीला थेट लागत नाहीत आणि बाष्पीभवन मंदावते.

हे खरे कशावरून? तीन सारखे लहान डबे घ्या व त्यांत समान वजनाची ओली माती भरा. पहिला उघडा ठेवा, दुसऱ्यावर पाचट पसरा, तिसऱ्यात गोकर्णीचे रोप लावून तितकेच पाचट पसरा. पाऊस लागणार नाही पण ऊन मिळेल अशा जागी ठेवून चार दिवस रोज ठरल्या वेळी वजन करा. एक ग्रॅम घट म्हणजे एक मिलिलिटर पाणी उडाले. पहिल्या व दुसऱ्या डब्यांच्या घटीतील फरक ही पाचटाने केलेली बचत. तिसऱ्यात दुसऱ्यापेक्षा जी जास्त घट दिसेल, ती मुख्यतः पानांच्या रंध्रांतून बाहेर पडलेल्या पाण्याची. यालाच बाष्पोत्सर्जन म्हणतात.

गोकर्णीचे बी टणक असते. ते खरखरीत दगडावर हलके घासून रात्रभर भिजवावे आणि पावसाच्या सुरुवातीला बोटाच्या एका पेराइतके खोल पेरावे. हा वेल खोडानेच आधाराला विळखे घालतो. जाड खांबापेक्षा सुतळी किंवा बारीक काठी त्याला सोयीची. विळखे कोणत्या दिशेने पडतात, तेही टिपून ठेवा.

राहिले उन्हाळ्याचे पाणी. तांदूळ, डाळ आणि भाज्या धुतलेले बिनसाबणाचे पाणी एका बादलीत साठवून आठवडाभर मोजा. ती जमा आणि कुंडीचा खर्च शेजारी शेजारी लिहा. घरच्या पाण्यावर एक कुंडी पोसते की दोन, याचे उत्तर त्या वहीतच मिळेल.