विचारून येणारे, बघून येणारे

मावळातल्या राजमाचीला माणसं पूर्वीही बाहेरूनच यायची. तळेगाव दाभाड्याला राहणाऱ्या गो. नी. दांडेकरांनी ‘माचीवरला बुधा’ लिहिली आणि पुण्या-मुंबईचे कित्येक वाचक ती माची बघायला निघाले. पण कादंबरी वाचून निघालेल्यालाही वाट विचारावीच लागायची. लोणावळ्याला उतरायचं, तुंगार्लीवरून चालू लागायचं, भेटेल त्याला विचारत राहायचं आणि रात्री उधेवाडीत कुणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकायची. पिठलं-भाकरी त्याच घरची. पुढच्या पावसाळ्यात तोच माणूस चार मित्रांना घेऊन आला, की त्या घरातल्या पोरांची नावं त्याला पाठ असायची.

गेल्या वीस वर्षांत मावळात गर्दी किती वाढली हे सगळेच बोलतात. मला जास्त लागतं ते हे, की विचारणं संपलं.

ते एकदम संपलं नाही. २००४ मध्ये ऑर्कुट आलं, मागोमाग फेसबुक आलं, तेव्हा ट्रेक करणारे फोटोंसोबत लांबलचक वर्णन लिहीत. मळवलीला लोकल किती वाजता मिळते, विसापूरच्या कुठल्या टाक्यातलं पाणी पिण्याजोगं आहे, भाज्यातून वर जाताना कुठल्या फाट्यावर चुकायला होतं, जेवणासाठी गावात कुणाला फोन करायचा. वाचणारा खाली शंका विचारायचा, लिहिणारा उत्तर द्यायचा. ऑर्कुट २०१४ च्या सप्टेंबरात बंद झालं. दोन वर्षांनी, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ आलं आणि इंटरनेट सगळ्यांच्या खिशात गेलं. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि काही दिवसांतच इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले. अर्ध्या मिनिटाच्या त्या चित्रफितीत धबधबा असतो, गाणं असतं. वाट नसते, आणि वरच्या डोंगरात पाऊस पडला की ओढा किती वेळात फुगतो, हेही नसतं.

याच काळात मावळातल्या घरांना मोबाइलवरच्या या माध्यमाने जे दिलं, ते मी कमी लेखणार नाही. मुंबईच्या डबेवाल्यांत मावळातली कितीतरी कुटुंबं आहेत. एके काळी गावाकडचा सांगावा त्यांच्यापर्यंत पोचायला चाळीजवळच्या दुकानातला फोन हाच आधार होता. आता भावकीचा ग्रुप असतो, गावकीचा असतो, सप्त्याच्या वर्गणीचा वेगळा असतो. आंदर मावळात दिलेली लेक पूर्वी नागपंचमीला आणि दिवाळीलाच माहेरी यायची, ती आता भाकऱ्या थापता थापता आईशी व्हिडिओवर बोलते. २०२० च्या टाळेबंदीत कितीतरी आज्यांनी नातवंडांची तोंडं याच पडद्यावर पाहिली. इंद्रायणी तांदूळ पिकवणारा शेतकरी गिऱ्हाइकाला पोत्याचा फोटो पाठवून थेट विक्री करू शकतो. बैलगाडा शर्यती बंद होत्या त्या वर्षांतही बैलांचे व्हिडिओ फिरतच राहिले, आणि डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यावर घाटातली बारी घरबसल्या यूट्यूबवर दिसू लागली.

एक गोष्ट मात्र मला खुपते. गावात कुणी गेलं, की ग्रुपवर शेकडो हात जोडले जातात, आणि त्या घरी जाऊन दहा मिनिटं टेकायचं राहून जातं. दशक्रियेला गर्दी अजून होते. मधल्या नऊ दिवसांत ओसरीवर शेजारची माणसं बसलेली असायची, ती कमी झाली आहेत. हे मी गावोगावी पाहतो.

बाहेरून येणाऱ्यांचं तर विचारणंच गेलं. मे-जूनमध्ये राजमाचीच्या झाडांवर काजवे चमकतात. जोडीदाराला हाक घालायची त्यांची रीत म्हणजे तो उजेड. काजव्यांचे फोटो पसरले तशा रात्री गाड्यांच्या रांगा लागू लागल्या, आणि दिवे, बॅटऱ्या, मोबाइल यांच्या झोतात ती हाक बुडू लागली. उधेवाडीतल्या कुणालाही विचारलं असतं तर त्याने दिवे विझवायला सांगितलं असतं. जुलै २०२३ मध्ये लोहगडाच्या दरवाजांत माणसं इतकी दाटली, की पुढेही सरकता येईना आणि मागेही. त्याचाही व्हिडिओ देशभर फिरला. याच लोहगडाचं नाव दोन वर्षांनी युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं, तेव्हा आनंदासोबत पोटात गोळाही आला.

३० जून २०२४, रविवार. लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागचा धबधबा. हे धरण ब्रिटिश काळात रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलेलं. प्रवाहाच्या मधोमध एका खडकावर एक कुटुंब एकमेकांना घट्ट धरून उभं होतं. पाणी वाढत गेलं आणि पाच जण वाहून गेले, त्यांत लहान मुलं होती. काठावरच्या मोबाइलांनी ते टिपलं आणि संध्याकाळपर्यंत घराघरांत पोचलं. मी ते दृश्य दुसऱ्यांदा पाहू शकलो नाही. काठावर माणसं होती, ओरडत होती, पण त्या पाण्यात दोर टाकायला तिथे कुणी नेमलेलं नव्हतं. जुलैत जिल्हाधिकाऱ्यांनी धोक्याच्या ठिकाणी पाण्यात उतरायला, सेल्फी आणि रील काढायला बंदी घातली.

पुढच्या वर्षी १५ जूनला, पुन्हा रविवारी, इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला. चार जण गेले, पन्नासहून अधिक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. कुंडमळ्याच्या खडकातले रांजणखळगे वरून उथळ दिसतात, पण आत माणूस गेला तर सापडत नाही. हे पंचक्रोशीतल्या पोरांना लहानपणापासून सांगितलेलं असतं. पर्यटकाला ते सांगणारं कुणी भेटतच नाही, कारण त्याची गाडी नकाशावरच्या खुणेपाशी येऊन थांबते.

अशा प्रत्येक वेळी धावून जातात ती लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांची पोरं. नोकरी-धंदा सांभाळून, रात्री-अपरात्री. रानात भरकटलेला ट्रेकर आता फोनवरून आपलं ठिकाण पाठवू शकतो, आणि त्या एका खुणेमुळे शोधाचे कितीतरी तास वाचतात. हेही याच माध्यमाचं देणं. पण ‘शिवदुर्ग’ला हाक जाते ती माणूस अडकल्यावर.

बंदीचा आदेश दर पावसाळ्यात निघेल आणि रीलही निघत राहतील. पार्किंगचे पैसे गावोगावी घेतले जातातच. त्यांतूनच प्रत्येक धबधब्यावर, कुंडावर, गडाच्या पायथ्याला गावातली दोन माणसं पावसाळाभर पगारी उभी करावीत. शिट्टी, दोर आणि आलेल्याला अडवून दोन शब्द बोलायचा अधिकार त्यांना द्यावा. जूनच्या पहिल्या शनिवारच्या आत.