८२ हजार प्रेक्षक, पण खेळाडूंना पगार नाही: आयर्लंडचे पारंपरिक खेळ चालतात तरी कसे?

दरवर्षी जुलै महिन्यात डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियममध्ये ८२ हजारांहून अधिक प्रेक्षक जमतात. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल या आयर्लंडच्या पारंपरिक खेळांच्या अंतिम सामन्यांसाठी ही गर्दी होते. तिकिटं मिळणं कठीण असतं आणि गावोगावी संघाच्या रंगांचे झेंडे लागतात.

मैदानावरच्या एकाही खेळाडूला मात्र यासाठी पगार मिळत नाही. यातले कुणी शिक्षक असतात, कुणी शेतकरी, कुणी इंजिनिअर. दिवसभर काम करायचं आणि संध्याकाळी सरावाला जायचं, हा त्यांचा दिनक्रम.

हे सगळं सांभाळते 'गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन' म्हणजेच जीएए. खेळाडूंपासून गावच्या क्लबच्या सचिवापर्यंत या संघटनेचा डोलारा स्वयंसेवकांवर उभा आहे.

हे खेळ नेमके कसे खेळतात?

दोन्ही खेळांत प्रत्येक संघात १५ खेळाडू असतात. हर्लिंग अ‍ॅश झाडाच्या लाकडाच्या, टोकाला चपट्या असलेल्या काठीने खेळतात. चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित लहान असतो. गेलिक फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेता येतो आणि पायानेही मारता येतो.

दोन्हीकडे गोलपोस्ट इंग्रजी 'एच' अक्षरासारखे असतात. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर तीन गुण, वरून गेला तर एक. गेलिक फुटबॉलमध्ये २०२५पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून वरून मारलेल्या फटक्याला दोन गुण मिळू लागले आहेत.

महिलांच्या हर्लिंगला 'कमोगी' म्हणतात. हर्लिंग आणि कमोगीला २०१८मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं.

सुरुवात कुठे झाली?

१ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी परगण्यातल्या थर्ल्स गावच्या एका हॉटेलात काही जण एकत्र आले. मायकल क्युसॅक आणि मॉरिस डॅव्हिन हे त्यांतले प्रमुख. आयर्लंड तेव्हा ब्रिटिश सत्तेखाली होतं आणि देशी खेळ मागे पडत चालले होते. ते टिकवण्यासाठी जीएएची स्थापना झाली.

त्यामुळे खेळ आणि राष्ट्रवाद यांची गाठ पहिल्यापासूनच पडली. २१ नोव्हेंबर १९२० रोजी, स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात, ब्रिटिश सुरक्षा दलांनी क्रोक पार्कमध्ये सामना सुरू असताना गोळीबार केला. त्यात १४ जणांचा बळी गेला. टिपरेरीचा खेळाडू मायकल होगन त्यांपैकी एक. स्टेडियमच्या एका स्टँडला आज त्याचं नाव आहे.

क्लब म्हणजेच गाव, असं का म्हणतात?

जीएएचे क्लब साधारणपणे चर्चच्या 'पॅरिश'नुसार, म्हणजे एका गावाच्या किंवा आसपासच्या वस्त्यांच्या हद्दीनुसार बांधलेले आहेत. जिथे घर, तिथला क्लब. क्लब बदलायचा तर परवानगी लागते. खेळाडूंची खरेदी-विक्री हा प्रकारच नाही. क्लबात चांगला खेळणारा पुढे आपल्या परगण्याच्या संघात निवडला जातो, पण क्लब तोच राहतो.

म्हणूनच एकाच क्लबात आजोबा, मुलगा आणि नात वेगवेगळ्या भूमिकांत दिसतात. कुणी लहान मुलांना शिकवतं, कुणी मैदानावरचं गवत कापतं, कुणी जर्सी धुतं, तर कुणी हिशेब ठेवतं. खर्च वर्गणी, स्थानिक लॉटरी आणि देणग्यांतून भागतो. मोठ्या सामन्यांच्या तिकिटांतून आणि प्रक्षेपणातून येणाऱ्या पैशांचा मोठा वाटाही खाली क्लब आणि परगण्यांकडे जातो.

क्लबचं काम मैदानापुरतं राहत नाही. संगीत, नृत्य आणि नाट्याच्या 'स्कोर' स्पर्धा १९६९पासून भरतात. सदस्याच्या अंत्ययात्रेत क्लबची मंडळी रस्त्याच्या दुतर्फा उभी राहून मानवंदना देतात. कोरोनाच्या काळात अनेक क्लबांनी घरात अडकलेल्या वृद्धांना किराणा आणि औषधं पोहोचवली. नव्याने यंत्रणा उभारावी लागली नाही, कारण कोणत्या घरात कोण एकटं राहतं हे क्लबला आधीच माहीत होतं.

हे दार सगळ्यांसाठी उघडं होतं का?

नाही. फुटबॉल, रग्बी, क्रिकेट यांसारखे 'परकीय' खेळ खेळण्यावर आणि पाहण्यावरही सदस्यांना बंदी होती. १९३८मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड फुटबॉलच्या सामन्याला हजर राहिले, म्हणून जीएएने त्यांना आश्रयदाते पदावरून हटवलं. ही बंदी १९७१मध्ये उठली. उत्तर आयर्लंडमधले पोलीस आणि ब्रिटिश सैनिक यांना सदस्यत्व नाकारणारा नियम २००१मध्ये रद्द झाला.

त्यानंतर चित्र बदलत गेलं. २००७मध्ये क्रोक पार्कवर आयर्लंड आणि इंग्लंडचा रग्बी सामना झाला. जुलै २०२०मध्ये कोरोनाच्या निर्बंधांमुळे तिथल्या मुस्लिमांनी बकरी ईदची नमाज याच मैदानावर अदा केली. त्याच वर्षी बेलफास्टच्या पूर्व भागात, म्हणजे ब्रिटनशी निष्ठा सांगणाऱ्या वस्तीत, सर्व समाजांसाठी जीएएचा क्लब सुरू झाला.

महिलांच्या संघटना मात्र आजवर वेगळ्याच आहेत: कमोगीची १९०४पासून, तर महिला गेलिक फुटबॉलची १९७४पासून. २०२७पर्यंत तिन्ही एकत्र आणण्याचं उद्दिष्ट आहे. मैदानं बहुतांश जीएए क्लबांच्या ताब्यात असल्याने हा प्रश्न महिलांसाठी कागदी नाही. सरावाला मैदान कधी मिळणार, हे त्यावर ठरतं.

मग आता अडचण काय आहे?

पहिली अडचण पैशांची. परगण्यांच्या संघांची तयारी आता व्यावसायिक संघांसारखी असते. २०२३मध्ये या तयारीचा एकूण खर्च सुमारे ४ कोटी युरो होता. खेळाडूंना प्रवासखर्च आणि सरकारी अनुदान मिळतं, पण पगार नाही. प्रशिक्षकांनाही मानधन घेण्याची मुभा नाही, तरी पडद्याआड पैसे दिले जात असल्याची चर्चा जुनी आहे. २०१२मध्ये जीएएनेच या विषयावर चर्चापत्र काढलं होतं.

दुसरी अडचण माणसांची. पश्चिमेकडच्या ग्रामीण भागातून तरुण शिक्षण-नोकरीसाठी डब्लिनला किंवा परदेशात जातात. काही क्लबांना १५ खेळाडू जमवण्यासाठी शेजारच्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रतिस्पर्धी क्लबशी हातमिळवणी करावी लागते. शहरांच्या कडेला नेमकं उलट होतं. तिथे मुलं भरपूर, पण मैदानं आणि शिकवणारे कमी पडतात.

खेळाडूंना पगार दिला तर हे सुटेल का? मग पैसेवाला परगणा बाहेरून खेळाडू आणेल आणि 'जिथे घर, तिथला क्लब' हे सूत्रच मोडेल, अशी भीती अनेकांना वाटते. शिवाय एकाला पगार मिळू लागला, तर दुसरा गवत फुकट का कापेल, हा प्रश्नही आहेच.

म्हणूनच जीएएचं भवितव्य क्रोक पार्कच्या गर्दीवरून मोजता येत नाही. ते ठरतं छोट्या गावात आठवड्याच्या संध्याकाळी मुलांना शिकवायला कुणी येतं की नाही, यावर. शाळा आणि पोस्ट ऑफिस बंद झालेल्या गावात अनेकदा क्लब हीच शेवटची सामायिक जागा उरते.