जुन्या विद्यामंदिरांत नवे वर्ग

वडोदऱ्याच्या कलाशाखेचा घुमट ज्याने पाहिला नाही असा त्या नगरीतला माणूस विरळाच. १८८१ साली सुरू झालेल्या बडोदा कॉलेजची ही वास्तू. तिचा आराखडा रॉबर्ट चिझम या शिल्पज्ञाचा आणि घुमटाचा आदर्श विजापूरच्या गोलघुमटाचा. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि हा घुमट त्याची ओळख ठरला. मुंबई विद्यापीठाचे चित्रही अशाच दोन वास्तूंनी डोळ्यांपुढे उभे राहते. पहिली म्हणजे सर गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईत पाऊल न ठेवता लंडनमध्ये बसून आखलेले पदवीदान सभागृह, १८७४ चे. आणि दुसरी म्हणजे प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून १८७८ साली पुरे झालेले ग्रंथालय व त्यावरील २८० फुटी राजाबाई मनोरा.

या इमारती झाल्या त्या काळी वर्ग म्हणजे एक अध्यापक, एक फळा आणि लाकडी बाके. आजच्या वर्गास पडद्यावर चित्रे दाखवावी लागतात, प्रत्येक बाकापाशी विजेची जोडणी हवी असते, चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या विद्यार्थ्यास वरच्या मजल्यावर पोहोचता आले पाहिजे. २०१६ च्या कायद्याने तो त्याचा हक्कच झाला आहे. मग शंभर-दीडशे वर्षांच्या भिंतींनी हे सारे कसे पेलावे?

प्रथम भिंतीचाच स्वभाव जाणून घ्यावा लागतो. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. चुना मऊ व सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात भिंतीत शिरलेले पाणी पुढे दरजांवाटे वाफ होऊन बाहेर पडते. एखादा कंत्राटदार मजबुतीच्या हौसेने त्या दरजा सिमेंटने भरतो, आणि पाण्याची वाटच बंद होते. ते मग दगडातून बाहेर पडू लागते. त्याबरोबर आलेले क्षार दगडाच्या पृष्ठभागाआड स्फटिकरूप होतात आणि पोरबंदरी दगडासारख्या मऊ दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. कोरीव नक्षी अशीच झिजते. दोष पावसाला दिला जातो, पण अपराध बहुधा दुरुस्तीचा असतो. म्हणून जीर्णोद्धारात आधी छप्पर व पन्हळी, मग चुन्याच्या दरजा, आणि त्यानंतरच रंग व दिवे असा क्रम लावतात. समारंभाची तारीख जवळ आली की हाच क्रम उलटा होतो!

हवेचे तेच. उंच छत, जाड भिंती आणि वरचे झरोके ही त्या काळची वातानुकूलनाची योजनाच होती. खाली खोटे छत टाकून, झरोके बुजवून गार हवेची यंत्रे बसविली की खोली थंड होते खरी. परंतु लपलेल्या तुळईवर वरून पाणी ठिबकत असले तरी ते वर्षानुवर्षे कोणास दिसत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न आवाजाचा. गोलघुमटात टाळी वाजवून प्रतिध्वनी मोजण्याची गंमत पुष्कळांनी अनुभवली असेल. त्याच गुणामुळे घुमटाखाली व्याख्यान देणे कठीण होते, कारण वक्र पृष्ठभाग ध्वनी एकवटून परत पाठवितो आणि एक शब्द विरण्यापूर्वीच दुसरा त्यावर आदळतो. वर्गातील ध्वनी एका सेकंदाच्या आत विरावा अशी आजची अपेक्षा आहे, आणि दगडी दालनात त्यास कित्येक सेकंद लागू शकतात. एक मोठा ध्वनिक्षेपक लावल्याने गोंगाट तेवढा वाढतो. श्रोत्यांजवळ लहान लहान ध्वनिक्षेपक, जाड पडदे आणि भिंतीस खिळे न ठोकता उभी केलेली ध्वनिशोषक तावदाने हा त्यावरचा उपाय. अशा कामाचा संकेतच असा आहे की जे नवे बसवायचे ते उद्या काढता आले पाहिजे. विजेच्या तारा दगड फोडून नेऊ नयेत, फरशीखालून वा कंगणीच्या आडून न्याव्यात. उद्वाहकही मागील अंगणात, लोखंडी सांगाड्यावर, मूळ भिंतीस भार न देता उभा करता येतो.

एवढे करूनही प्रत्येक विषय जुन्या वास्तूत मावणार नाही. रसायनाची प्रयोगशाळा किंवा शेकडो संगणकांची खोली तिच्यात कोंबणे हे दोघांचेही नुकसान आहे. ती नव्या इमारतीत जावी. पण वाचनालय, लहान चर्चावर्ग, भाषा व इतिहासाची व्याख्याने येथून हलविण्याचे कारण नाही. जीर्णोद्धाराचा आराखडा काढण्याआधी ही वाटणी झाली पाहिजे, आणि ती शिल्पज्ञाने नव्हे, अध्यापकांनी करावी. सर्व वर्ग नव्या आवारात हलवून जुनी वास्तू केवळ समारंभांसाठी राखणे वरवर पाहता तिचा सन्मान वाटते. परंतु कुलूपबंद दालनात तुंबलेली पन्हळ कोणाच्या लक्षात येत नाही. रोज दहा वाजता भरणाऱ्या वर्गात पहिल्याच पावसाचा थेंब वहीवर पडतो आणि तक्रार त्याच दिवशी कार्यालयात पोहोचते.

मुंबईत पदवीदान सभागृहाचे काम २००६ च्या सुमारास झाले, तर ग्रंथालय व मनोऱ्याचे २०१५ साली पुरे झाले. दोन्हींची युनेस्कोने आपल्या वारसा-पारितोषिकांत नोंद घेतली. सभागृहाच्या चक्राकार खिडकीतील बारा राशींच्या रंगीत काचा पुन्हा उजळल्या. ग्रंथालयातील रंगीत काचाही उतरवून, स्वच्छ करून, जागच्या जागी बसविण्यात आल्या, आणि त्यांतून येणारा प्रकाश आता वाचनाच्या मेजांवर पडतो.