कार शोरूमच्या मार्केटिंग मॅनेजरकडे काम मागायला जाताय? आधी हे वाचा

पवनानगर, कामशेत भागातले बरेच जण विचारतात, "फ्लेक्स, मंडप, गिफ्ट बॉक्स करतो, पण शोरूममध्ये गेलं की 'कार्ड ठेवून जा' म्हणतात. काय करायचं?" चला, नीट समजून घेऊ.

शोरूम म्हणजे कंपनी नव्हे. शोरूमचा मालक हा स्वतंत्र डीलर असतो. जाहिरातीच्या खर्चातला काही भाग त्याला बऱ्याचदा कंपनीकडून परत मिळतो, पण त्यासाठी लोगो-रंग नियमात हवेत आणि बिल-फोटो पुरावा म्हणून जोडावे लागतात. म्हणून "स्वस्तात करून देतो" एवढंच सांगू नका. "जीएसटी बिल आणि तारखेसकट फोटो त्याच दिवशी देतो" असं सांगा. त्याची निम्मी डोकेदुखी तिथंच कमी होते.

त्याचं मोजमाप ओळखा. मॅनेजरला वरून विचारतात: चौकश्या किती, टेस्ट ड्राइव्ह किती, बुकिंग किती? मग तुमची वस्तू त्याला जोडा. "मंडप देतो" यापेक्षा "पवनानगर बाजारपेठेत एक दिवसाचा टेस्ट ड्राइव्ह कॅम्प लावून देतो, जागा, परवानगी, मंडप माझ्याकडे" हे वजनदार आहे. गाडीच्या डिलिव्हरीला सगळेच पेढे देतात. तुम्ही मावळच्या इंद्रायणी तांदळाची एक किलोची पिशवी सुचवा. स्थानिक माणूस असणं हेच तुमचं भांडवल.

वेळ साधा. महिनाअखेर आणि शनिवार-रविवार टाळा, तेव्हा सगळे विक्रीत बुडालेले असतात. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत, फोन करून जा. दसरा-धनत्रयोदशीचं काम हवं तर श्रावणात भेटा. पाडव्याचं हवं तर जानेवारी-फेब्रुवारीत. 22 सप्टेंबर 2025 ला, घटस्थापनेच्याच दिवशी, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. अशा गर्दीत नवा व्हेंडर कोण शोधणार? आधीच यादीत असलेल्यालाच फोन जातो.

पहिली भेट दहा मिनिटांची. सोबत एक नमुना, एका पानाचा दरपत्रक, केलेल्या कामाचे तीन फोटो. मोठं काम मागू नका. एक छोटं काम मागा. शेवटी एवढंच विचारा, "व्हेंडर नोंदणीला कोणती कागदपत्रं लागतील?"

आता पैशाचं बोलू, कारण छोटा धंदा इथंच अडकतो. समजा, 100 बॉक्स 180 रुपयांनी दिले. बिल 18,000, तुमचा खर्च 13,000, नफा 5,000. उधारी 45 दिवसांची असेल आणि तेवढ्यात अशा तीन ऑर्डरी आल्या, तर 39,000 रुपये तुमच्या खिशातून बाहेर! तेवढी ताकद नसेल तर ॲडव्हान्स मागा, नाहीतर ऑर्डर लहान घ्या. ऑर्डर लेखीच घ्या, निदान ईमेलवर तरी.

उद्यम नोंदणी मोफत होते, ती करून ठेवा. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म-लघु उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत. करार नसेल तर 15 दिवसांत. पण नुसता माल आणून विकणाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही, हे लक्षात ठेवा.

आजचं काम: जवळच्या तीन शोरूमची नावं लिहा आणि प्रत्येकासमोर एकच ओळ लिहा, "यांचं कोणतं काम मी हलकं करू शकतो?" ती ओळ सुचली की मगच फोन लावा.