काळ्या पाषाणातले घड्याळ

शिराळ्यात विहीर खणताना काळा पाषाण लागला की वडील म्हणत, "हा कधीचा, कोण सांगणार?"

उत्तराची वाट १८९६ साली पॅरिसमध्ये उघडली. हेन्री बेक्वेरेल यांना युरेनियमच्या क्षारांतून आपोआप निघणारे किरण आढळले. पुढे ते तीन प्रकारचे ठरले : अल्फा म्हणजे हेलियमची केंद्रके, बीटा म्हणजे इलेक्ट्रॉन, गॅमा म्हणजे निव्वळ ऊर्जा.

आमच्या पाषाणातले पोटॅशियम-४० निम्मे व्हायला १२५ कोटी वर्षे लागतात. त्याचे बहुतेक अणू बीटा-क्षयाने कॅल्शियम होतात; दहातला सुमारे एक, आपल्याच कवचातला इलेक्ट्रॉन केंद्रकात ओढून आर्गॉन होतो. लाव्हा थिजल्यापासून हा वायू दगडात कोंडून राहतो. तो मोजूनच दख्खनचा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांचा ठरला.

मला हे उमगले, तेव्हा ऐकायला वडील उरले नव्हते.